राष्ट्राध्यक्षावरील महाभियोग हा शेवटचाच उपाय असावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावरील महाभियोगाबद्दल वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जेथे संबंध आहे तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तथ्ये आणि मत यांची सरमिसळ टाळण्याचा प्रयत्न केला असला, तरी हा विषयच असा आहे की मत लपवून उत्तर देणे शक्य नाही.

१. महाभियोग मंजूर झाला म्हणजे राष्ट्राध्यक्ष पदावरून गेला, असेच ना?

नाही, आणि बातम्या वाचताना सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. अमेरिकी राज्यघटनेने ही प्रक्रिया दोन सभागृहांत विभागली आहे. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोपांची कलमे मंजूर करते. तेवढ्याने राष्ट्राध्यक्षावर महाभियोग लागला असे म्हणतात, पण तो पदावरच राहतो आणि त्याचा एकही अधिकार कमी होत नाही. त्यानंतर सेनेटमध्ये खटला चालतो. सेनेटर वेगळी शपथ घेतात, सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी बसतात आणि हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांनी दोषी म्हटले तरच पदच्युती होते. आजच्या शंभर जणांच्या सेनेटमध्ये सगळे हजर असतील, तर हा आकडा ६७ होतो.

आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग लागला: अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ व २०२१). सेनेटने यांपैकी कोणालाही दोषी ठरवलेले नाही. या मार्गाने पदच्युत झालेले आठही जण संघीय न्यायाधीश होते.

२. महाभियोगासाठी कायद्याने गुन्हा ठरेल असे कृत्य घडलेलेच असावे लागते का?

घटनेतील कारणे तीन आहेत: देशद्रोह, लाचखोरी आणि ‘इतर मोठे गुन्हे व गैरवर्तन’. वाद कायम तिसऱ्यावरून होतो. ८ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत जॉर्ज मेसन यांनी हरकत घेतली की नुसता देशद्रोह आणि लाच यांत सर्व मोठे अपराध बसत नाहीत, आणि ‘गैरकारभार’ हे कारण जोडावे असे सुचवले. जेम्स मॅडिसन यांनी उत्तर दिले की इतका मोघम शब्द ठेवला, तर राष्ट्राध्यक्ष सेनेटच्या मर्जीवर पदावर राहील. तेव्हा मेसन यांनीच इंग्लंडच्या संसदीय परंपरेतला ‘इतर मोठे गुन्हे व गैरवर्तन’ हा शब्दप्रयोग पुढे केला आणि तो मंजूर झाला. म्हणजे नुसता वाईट कारभार पुरेसा नाही हे त्याच दिवशी ठरले; पण फौजदारी कायद्याच्या पुस्तकात बसणारा गुन्हाच हवा असेही ठरले नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी ‘फेडरलिस्ट’ या नव्या घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या निबंधमालेच्या ६५व्या निबंधात याचे वर्णन सार्वजनिक विश्वासाचा भंग असे केले आहे.

त्या दिवशी मेसन यांनी उदाहरण म्हणून घेतलेले नाव आपल्या ओळखीचे आहे: वॉरन हेस्टिंग्ज. बंगालच्या या माजी गव्हर्नर जनरलवर त्या वेळी ब्रिटिश संसदेत महाभियोग चालू झाला होता, आणि ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांनी मांडलेल्या आरोपांच्या यादीत मराठ्यांशी झालेले युद्ध आणि तह हाही एक विषय होता. सालबाईचा तह ज्या युद्धाच्या शेवटी झाला, तेच हे युद्ध. हेस्टिंग्ज १७९५ मध्ये सुटला. पण सत्तेच्या गैरवापराबद्दल अधिकाऱ्याला संसदेसमोर उभे करता येते, ही कल्पना अमेरिकेत पोहोचली ती अंशतः हिंदुस्थानातल्या कारभारावरच्या त्या वादाच्या साथीने.

३. ‘महाभियोग हा शेवटचाच उपाय’ असे घटनेत कोठे लिहिले आहे?

कोठेही नाही. इतर सर्व मार्ग संपल्यावरच महाभियोग आणावा, अशी अट राज्यघटनेत नाही आणि घटना परिषदेच्या चर्चेतही तसा ठराव नाही. ही राजकीय संकेताची भाषा आहे. ती बहुधा त्या त्या वेळी राष्ट्राध्यक्षाचा बचाव करणारा पक्ष वापरतो, आणि सत्तापालट झाला की तीच वाक्ये दुसऱ्या बाकावरून ऐकू येतात.

तरीही तिच्यात तथ्य आहे, आणि ते नेमके कोठे आहे हे पाहण्यासाठी प्रक्रियेचे टप्पे वेगळे करावे लागतात. निवडून आलेल्या व्यक्तीला पदावरून काढणे हे टोकाचे पाऊल आहे. ते शेवटचेच असले पाहिजे, आणि दोन तृतीयांशांच्या अटीने घटनेने ते तसे करूनही ठेवले आहे. परंतु चौकशी हा त्याच प्रक्रियेचा पहिला टप्पा आहे. चौकशीलाही ‘शेवटचा उपाय’ ठरवले, तर पुरावा हाती येण्याआधीच पुराव्याची मागणी केल्यासारखे होते. काढणे शेवटी, पण चौकशी वेळेवर, हे या पानामागचे मत आहे. निक्सन प्रकरण (प्रश्न ९) हा त्याचा सर्वांत भक्कम आधार आणि जॉन्सन प्रकरण (प्रश्न ८) हा उशिराचा परिणाम.

४. दर चार वर्षांनी निवडणूक होतेच, मग निर्णय मतदारांवरच का सोडू नये?

हाच प्रश्न २० जुलै १७८७ रोजी घटना परिषदेत उपस्थित झाला होता. गव्हर्नर मॉरिस यांना (‘गव्हर्नर’ हे त्यांचे नावच होते, पद नव्हे) सुरुवातीला महाभियोगाची तरतूद अनावश्यक वाटत होती. चर्चा ऐकून त्यांनी त्याच दिवशी मत बदलल्याचे सांगितले. बेंजामिन फ्रँकलिन यांचा मुद्दा रोखठोक होता: शासनप्रमुखाला हटवण्याचा सनदशीर मार्ग नसेल, तर इतिहासात लोकांनी शेवटी त्याची हत्या करण्याचा मार्ग धरला आहे, आणि त्यात त्याला आपली बाजू मांडण्याची संधीही मिळत नाही. मेसन यांनी अधिक अवघड प्रश्न विचारला. ज्याने भ्रष्ट मार्गांनीच पद मिळवले, त्याला तोच अपराध पुन्हा करून सुटू द्यायचे का?

निवडणूक हे उत्तर दोन परिस्थितींत अपुरे पडते. एक म्हणजे दुसरी कारकीर्द: बाविसाव्या घटनादुरुस्तीनंतर (१९५१) दोनदा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष पुन्हा मतदारांसमोर जातच नाही. दुसरी म्हणजे अपराधाचे लक्ष्य निवडणूकच असणे. ज्या परीक्षेत निकाल लागायचा तिचीच प्रश्नपत्रिका फुटली असेल, तर परीक्षेपर्यंत थांबा हा सल्ला निरुपयोगी असतो. याउलट धोरण चुकले, महागाई वाढली, फाजील वक्तव्ये केली, अकार्यक्षम मंत्री नेमले, अशा तक्रारींसाठी निवडणूक हेच योग्य ठिकाण आहे आणि तेथे महाभियोग आणणे म्हणजे मॅडिसन यांना जी भीती होती तीच खरी करणे.

५. महाभियोगाच्या आधी काँग्रेसकडे (प्रतिनिधिगृह आणि सेनेट मिळून होणाऱ्या अमेरिकी संसदेकडे) दुसरे कोणते मार्ग असतात, आणि निषेधाचा ठराव पुरेसा का नाही?

मार्ग बरेच आहेत: निधी अडवणे, नेमणुकांना सेनेटची संमती नाकारणे, समित्यांमार्फत साक्षीसमन्स काढणे, न्यायालयात जाणे, दोन तृतीयांश मतांनी नकाराधिकार उलटवणे आणि निषेधाचा ठराव. हे सर्व रोजच्या कुरघोडीत उपयोगी पडतात. अडचण येते ती राष्ट्राध्यक्ष समन्सच जुमानत नाही तेव्हा. न्यायालयीन लढाई वर्ष-दोन वर्षे रेंगाळते आणि तोवर कारकीर्द संपत येते.

निषेधाच्या ठरावाला घटनेत स्थान नाही आणि त्याने काहीही बदलत नाही. सेनेटने २८ मार्च १८३४ रोजी अँड्र्यू जॅक्सन यांचा २६ विरुद्ध २० मतांनी निषेध केला. वाद होता राष्ट्रीय बँकेतून सरकारी ठेवी काढून घेण्याचा. जॅक्सन यांनी लेखी विरोध नोंदवला, पुढे सेनेटचे बहुमत त्यांच्या पक्षाकडे आले, आणि जानेवारी १८३७ मध्ये कामकाजाच्या हस्तलिखित नोंदवहीतील त्या ठरावाभोवती काळ्या शाईच्या जाड रेघा ओढून तो रद्द झाल्याचा शेरा त्यावर लिहिण्यात आला. निषेधाचे वजन किती, हे त्या रेघा पुरेसे सांगतात. तरीसुद्धा चूक खरी असून पदच्युतीइतकी मोठी नसेल, अशा वेळी हा मार्ग टाकाऊ ठरत नाही. त्याबद्दल प्रश्न १० पाहावा.

६. पंचविसाव्या घटनादुरुस्तीने काम लवकर होत नाही का?

ही दुरुस्ती १९६७ मध्ये लागू झाली ती केनेडी यांच्या हत्येनंतर, आणि तिचा विषय आहे असमर्थता: आजारपण, बेशुद्धी, मानसिक अक्षमता. चौथ्या कलमानुसार उपराष्ट्राध्यक्ष आणि मंत्रिमंडळातील बहुसंख्य सदस्य यांनी लेखी निवेदन दिले की उपराष्ट्राध्यक्ष ताबडतोब कार्यभार हाती घेतो, म्हणून हा रस्ता जवळचा वाटतो. परंतु राष्ट्राध्यक्षाने ‘मी समर्थ आहे’ असे कळवले आणि मंत्रिमंडळ आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, तर निर्णय काँग्रेसकडे जातो आणि तेथे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. महाभियोगात प्रतिनिधिगृहात साधे बहुमत पुरते. म्हणजे राष्ट्राध्यक्ष लढणार असेल, तर हा रस्ता उलट अधिक चढाचा आहे. चौथे कलम आजवर कधीही वापरले गेलेले नाही. जानेवारी २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने तशी विनंती केली होती आणि उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी ती पत्राने नाकारली.

७. राष्ट्राध्यक्षाने गुन्हा केला असेल, तर सरळ फौजदारी खटला का भरत नाहीत?

पदावर असताना ते जवळजवळ अशक्य आहे. न्याय विभागाने १९७३ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये लेखी भूमिका घेतली की पदावरील राष्ट्राध्यक्षावर संघीय आरोपपत्र ठेवता येत नाही. विशेष सरकारी वकील रॉबर्ट म्युलर यांनी २०१९ च्या अहवालात हीच मर्यादा पाळली. पद सोडल्यानंतरचे चित्रही १ जुलै २०२४ रोजी बदलले. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की राष्ट्राध्यक्षाच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांतील कृतींना खटल्यापासून संपूर्ण संरक्षण आहे आणि इतर अधिकृत कृतींना निदान प्रथमदर्शनी तरी आहे. खासगी कृतींना नाही.

या निकालाचा आपल्या विषयावर थेट परिणाम होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या मुक्ततेच्या बाजूने मत दिल्यावर सेनेटमधील रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांनी तेथेच भाषण करून ६ जानेवारीच्या घटनांची (ट्रम्प समर्थकांनी संसद भवनावर केलेल्या हल्ल्याची) व्यावहारिक आणि नैतिक जबाबदारी ट्रम्प यांच्यावर टाकली, पण पद सोडलेल्या व्यक्तीसाठी फौजदारी न्यायव्यवस्था मोकळी आहे असे सांगितले. पुढे खटला उभा राहिला, तेव्हा न्यायालयाने संरक्षणाची चौकट आखली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आल्यावर तो खटला मागे घेण्यात आला. सेनेटने न्यायालयाकडे बोट दाखवले, न्यायालयाने मर्यादा दाखवल्या आणि शेवटी मतदारांनी वेगळाच कौल दिला. अधिकृत अधिकाराचा गैरवापर हा ज्या आरोपाचा गाभा आहे, तेथे आता महाभियोग हा अनेकांतला शेवटचा उपाय राहिलेला नाही. बहुतेक वेळा तो एकमेव आहे.

८. अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले ते प्रकरण नेमके काय होते?

लिंकन यांच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन्सन हे यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना संरक्षण देणारे कायदे अडवत होते आणि काँग्रेस त्यांचे नकाराधिकार एकामागून एक उलटवत होती. डिसेंबर १८६७ मध्ये महाभियोगाचा पहिला प्रस्ताव आला तेव्हा प्रतिनिधिगृहाने तो १०८ विरुद्ध ५७ मतांनी फेटाळला. अनेकांना स्पष्ट कायदेभंग हवा होता. तो त्यांना लवकरच मिळाला. अधिकाऱ्यांना काढण्यासाठी सेनेटची संमती आवश्यक करणारा कायदा काँग्रेसने मार्च १८६७ मध्ये केला होता. तो मोडून जॉन्सन यांनी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना दूर केले, आणि २४ फेब्रुवारी १८६८ रोजी १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग लागला.

सेनेटमध्ये इतकी गर्दी होणार हे दिसत होते की सज्जासाठी छापील प्रवेशपत्रिका काढाव्या लागल्या. तेव्हा २७ राज्यांचे ५४ सेनेटर होते आणि दोषी ठरवण्यास ३६ मते हवी होती. १६ मे रोजी अकरावे कलम सर्वांत आधी मतास टाकले, कारण ते मंजूर होण्याची शक्यता अधिक होती. सरन्यायाधीश सॅमन चेस एकेका सेनेटरचे नाव पुकारून उभे राहण्यास सांगत होते. कॅन्ससच्या एडमंड रॉस यांचे मत कोणालाच खात्रीने माहीत नव्हते. त्यांनी ‘दोषी नाही’ म्हटले आणि आकडा ३५ विरुद्ध १९ वर थांबला. जॉन्सन यांच्या विरोधात असलेल्या, बहुमतातील रिपब्लिकनांनी दहा दिवसांची तहकुबी घेतली, मते फिरवण्याचा प्रयत्न केला आणि २६ मे रोजी आणखी दोन कलमांवर पुन्हा नेमका तोच आकडा आला.

रॉस यांना नंतर धैर्याचा पुतळा बनवण्यात आले. तो गौरव अर्धवट आहे, कारण एकूण सात रिपब्लिकनांनी पक्षाविरुद्ध मत दिले होते. महत्त्वाची चूक प्रतिनिधिगृहाची होती. खरी तक्रार मोठी होती, पण ती वेळेत मांडण्याचे धाडस न झाल्याने सभागृहाने तांत्रिक कायदेभंगाची वाट पाहिली आणि सगळे वजन त्याच कमकुवत पायावर टाकले. तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला, आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुळातच घटनाबाह्य होता असे म्हटले.

९. निक्सन यांच्यावर तर महाभियोग झाला होता ना?

झाला नव्हता, संपूर्ण प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. तरीही महाभियोगाची प्रक्रिया सर्वांत यशस्वी ठरली ती याच प्रकरणात.

वॉटरगेट इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी १७ जून १९७२ ची. त्यानंतर पाच महिन्यांनी निक्सन प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आले, म्हणजे ‘मतदार ठरवतील’ हे येथे घडून गेलेलेच होते. मात्र मतदारांना तेव्हा काय घडले ते ठाऊक नव्हते. २० ऑक्टोबर १९७३ रोजी निक्सन यांनी या प्रकरणाचा तपास करणारे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना हटवले, आणि तसे करण्यास नकार देणारे महान्यायवादी व त्यांचे सहायक दोघेही त्या रात्री पदावरून गेले. ६ फेब्रुवारी १९७४ रोजी प्रतिनिधिगृहाने ४१० विरुद्ध ४ अशा मतांनी न्यायविषयक समितीला चौकशीचा अधिकार दिला. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: निक्सन यांना काढावे असे त्या ४१० पैकी बहुतेकांचे त्या दिवशी मत नव्हते, केवळ चौकशी व्हावी एवढेच होते. पीटर रोडिनो यांच्या समितीने कित्येक महिने बंद दाराआड कागदपत्रे वाचली, आणि जुलैच्या अखेरीस तीन कलमे मंजूर केली. पहिल्यावर २७ विरुद्ध ११ मते पडली व बाजूने मत देणाऱ्यांत निक्सन यांच्याच पक्षाचे सहा रिपब्लिकन होते. दोन कलमे समितीने फेटाळली, त्यांपैकी एक कंबोडियावरील गुप्त बॉम्बफेकीचे होते. ते फेटाळायला नको होते, असे या लेखकाला वाटते.

२४ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने निक्सन यांच्या कार्यालयातील संभाषणांच्या ध्वनिफिती देण्याचा आदेश आठ विरुद्ध शून्य मतांनी दिला. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ च्या संभाषणाचा मजकूर बाहेर आला. तपास थांबवण्यासाठी सीआयए या गुप्तहेर संस्थेला तपास करणाऱ्या एफबीआयच्या आड आणण्याची योजना त्यात निक्सन यांच्याच तोंडी होती. ७ ऑगस्टच्या सायंकाळी बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे त्यांच्याच पक्षाचे तिघे नेते त्यांच्या कार्यालयात गेले. राजीनामा द्या असे कोणी म्हटले नाही. त्यांनी फक्त मते मोजून दाखवली: वाचण्यासाठी ३४ हवी होती आणि हाती विसाच्या आतच उरली होती. ९ ऑगस्टला निक्सन गेले. चौकशी ‘सर्व उपाय थकल्यावर’ सुरू झाली असती, तर ही बेरीज करण्याची वेळच आली नसती.

१०. क्लिंटन यांच्या बाबतीत महाभियोग अनाठायी होता का?

होय, असे वाटते; आणि ‘शेवटचा उपाय’ हा युक्तिवाद पूर्णपणे लागू पडतो तो येथेच. क्लिंटन यांनी शपथेवर खोटे बोलल्याचा आरोप पोकळ नव्हता. पण ते खोटे खासगी संबंधांविषयीच्या दिवाणी दाव्यातून उद्भवले होते, राष्ट्राध्यक्षपदाच्या अधिकाराचा वापर त्याच्या मुळाशी नव्हता, आणि त्याला उत्तर देणाऱ्या इतर यंत्रणा शाबूत होत्या. त्या चालल्याही: एप्रिल १९९९ मध्ये संघीय न्यायाधीशाने त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरून दंड केला, आणि कारकीर्दीच्या शेवटच्या दिवसांत आर्कान्सातील त्यांची वकिलीची सनद पाच वर्षांसाठी निलंबित झाली.

१९ डिसेंबर १९९८ रोजी प्रतिनिधिगृहाने दोन कलमे मंजूर केली, तीही नोव्हेंबरच्या मध्यावधी निवडणुकीत क्लिंटन यांच्या पक्षाच्या जागा वाढल्यानंतर. १२ फेब्रुवारी १९९९ रोजी सेनेटमध्ये ४५ विरुद्ध ५५ आणि ५० विरुद्ध ५० असे निकाल लागले. निषेधाच्या ठरावाचा मसुदा तयार होता, पण तो मतदानापर्यंत पोहोचू दिला गेला नाही. योग्य मापाचे हत्यार बाजूला ठेवून मोठे उचलले गेले.

११. सेनेटमध्ये दोषी ठरणार नाही हे उघड असताना प्रतिनिधिगृहाने महाभियोग आणावा का?

येथे सरसकट उत्तर नाही. २०१९ च्या प्रकरणात आरोप असा होता की ट्रम्प यांनी युक्रेनला मंजूर झालेली सुमारे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत अडवून तेथील अध्यक्षांकडून स्वतःच्या संभाव्य प्रतिस्पर्ध्याविरुद्ध चौकशीची घोषणा मागितली. हा थेट पुढच्या निवडणुकीशी निगडित अधिकाराचा वापर होता, म्हणून प्रश्न ४ मधील दुसऱ्या परिस्थितीत तो बसतो आणि महाभियोग आणणे समर्थनीय होते. परंतु प्रतिनिधिगृहाने महत्त्वाच्या साक्षीदारांसाठी न्यायालयीन लढाई पूर्ण न करता डिसेंबरातच मतदान उरकले, आणि ‘साक्षीदारच नाहीत’ ही सबब दुसऱ्या बाजूला आयती मिळाली. सेनेटने ५१ विरुद्ध ४९ मतांनी साक्षीदार बोलावण्यास नकार दिला. ५ फेब्रुवारी २०२० रोजी मुक्तता झाली. मिट रॉम्नी यांनी एका कलमावर स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला दोषी म्हटले, आणि असे करणारे ते पहिले सेनेटर ठरले.

जाता जाता एक गंमत: त्या खटल्यात सेनेटरांना बोलण्याची मुभा नव्हती, प्रश्न लेखी द्यावे लागत आणि सरन्यायाधीश ते वाचून दाखवत, तासन्‌तास बसताना बाकावर मिळायचे ते फक्त पाणी किंवा दूध.

निकाल आधीच ठरलेला असला तरी नोंद करण्याला मोल असते, हा युक्तिवाद मान्य करण्यासारखा आहे. मात्र नोंदच करायची, तर ती पुराव्याने भरलेली हवी.

१२. पद सोडल्यानंतर खटला चालू शकतो का? मग तो ‘काढण्याचा’ उपाय कसा?

१३ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग लागला तेव्हा कारकीर्दीचे सात दिवस उरले होते; सेनेटमधला खटला फेब्रुवारीत, ते गेल्यावर चालला. सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी नव्हते, कारण घटनेतील ती तरतूद राष्ट्राध्यक्षाच्या खटल्यापुरती आहे. सेनेटर पॅट्रिक लेही यांनी काम पाहिले. सेनेटने ५६ विरुद्ध ४४ मतांनी आपला अधिकार मान्य केला. आधीचा दाखला १८७६ चा होता: युद्धमंत्री विल्यम बेलनॅप यांनी महाभियोगाचे मतदान होण्याआधी घाईने राजीनामा दिला, तरी त्यांचा खटला चालला व ते सुटले.

काढण्याखेरीज सेनेट भविष्यात पद धारण करण्यास अपात्रही ठरवू शकते, आणि दोषी ठरवल्यानंतरचे ते वेगळे मतदान साध्या बहुमताने होते. ते न केल्यास काय होते, याचे उदाहरण न्यायाधीश अल्सी हेस्टिंग्ज: १९८९ मध्ये पदच्युत झाले आणि १९९२ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ट्रम्प यांच्या बाबतीत ५७ विरुद्ध ४३ असे मत पडले, त्यांच्याच पक्षाच्या सात रिपब्लिकनांसह, म्हणजे दहा मते कमी.

१३. श्री ठाणेदार यांनी आणलेल्या महाभियोगाचे पुढे काय झाले?

बेळगावात वाढलेले आणि मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेलेले मराठी भाषक ठाणेदार यांनी एप्रिल २०२५ च्या अखेरीस ट्रम्प यांच्याविरुद्ध सात कलमांचा प्रस्ताव मांडला, म्हणून हा प्रश्न महाराष्ट्रातून आणि परदेशातील मराठी वाचकांकडूनही खूप येतो. मे महिन्यात त्यांनी प्राधान्य प्रस्तावाचा नियम वापरला. या नियमाने सभागृहाला दोन कामकाजी दिवसांत विषय घ्यावाच लागतो. त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातील सहकारी उघडपणे नाराज झाले आणि १४ मे रोजी ठाणेदार यांनी मतदानाची मागणी सोडून दिली. जूनमध्ये टेक्सासचे अल ग्रीन यांनी वेगळा प्रस्ताव आणला, तो ३४४ विरुद्ध ७९ मतांनी बाजूला ठेवला गेला. विरोधात डेमोक्रॅटही मोठ्या संख्येने होते.

कलमांतील आरोपांत दम होता की नाही हा वेगळा प्रश्न. ज्या सभागृहात आपण अल्पमतात आहोत, जेथे समितीची चौकशी झालेली नाही आणि साक्षीपुरावा गोळा झालेला नाही, तेथे थेट अंतिम मतदान मागणे म्हणजे मधले सर्व टप्पे गाळणे. अशा प्रत्येक फेटाळलेल्या प्रस्तावाने पुढच्या खऱ्या प्रकरणाच्या वेळी ‘हे तर रोजचेच आहे’ असे म्हणण्याची सोय होते.

१४. सेनेटच्या निकालाविरुद्ध न्यायालयात अपील करता येते का? आणि राष्ट्राध्यक्ष स्वतःला माफी देऊन महाभियोग टाळू शकतो का?

दोन्हींचे उत्तर नाही. १९९३ मध्ये वॉल्टर निक्सन नावाच्या पदच्युत न्यायाधीशाच्या प्रकरणात (आडनाव तेच, व्यक्ती वेगळी) सर्वोच्च न्यायालयाने खटला कसा चालवायचा हे सेनेटच ठरवील, असे सांगून हात आखडता घेतला. माफीच्या अधिकारातून महाभियोगाची प्रकरणे घटनेनेच वगळली आहेत. फोर्ड यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये निक्सन यांना दिलेली माफी फौजदारी गुन्ह्यांपुरती होती.

१५. भारतात किंवा इतर देशांत हीच पद्धत आहे का?

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ६१ मध्ये राष्ट्रपतींवर ‘घटनेचा भंग’ या एकाच कारणासाठी महाभियोग चालवता येतो. एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, चौदा दिवसांची नोटीस आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते लागतात. तो कधीच वापरला गेला नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण खरी सत्ता पंतप्रधानांकडे असते आणि त्यांना अविश्वास ठरावाने साध्या बहुमतात घरी पाठवता येते. अमेरिकेत ती सोय नसल्यामुळेच महाभियोगावर इतका ताण येतो. दक्षिण कोरियात सभागृहाने महाभियोग लावताच अध्यक्षाचे अधिकार थांबतात आणि निर्णय घटनात्मक न्यायालय देते. डिसेंबर २०२४ मध्ये लष्करी कायदा पुकारणारे युन सुक-योल अकरा दिवसांत निलंबित झाले आणि ४ एप्रिल २०२५ रोजी पदच्युत झाले.

१६. राष्ट्राध्यक्ष गेल्यावर सत्ता ज्याच्याकडे जाणार, तोच मतदान करत असेल तर? आणि उपराष्ट्राध्यक्षपद रिकामे असेल तर?

दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. १८६८ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष नव्हता आणि तेव्हाच्या कायद्याने वारसा सेनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड यांच्याकडे जाणार होता. वेड यांनी जॉन्सन यांना दोषी ठरवणारे मत दिले; त्यांना रोखणारा कोणताही नियम नव्हता. वेड राष्ट्राध्यक्ष होतील ही धास्ती काही रिपब्लिकनांच्या मतांमागे होती, असे इतिहासकार मानतात.

१० ऑक्टोबर १९७३ रोजी उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांनी करचुकवेगिरीच्या प्रकरणात राजीनामा दिला. त्यानंतर जवळपास दोन महिने निक्सन यांच्यामागे वारसाक्रमात पहिले होते ते प्रतिनिधिगृहाचे सभापती कार्ल अल्बर्ट, म्हणजे निक्सन यांच्या विरोधातील डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते. तेव्हा महाभियोग पुढे रेटला असता, तर निवडणुकीविना सत्तेवरचा पक्षच बदलला असता. डेमोक्रॅटिक बहुमत असलेल्या काँग्रेसने ती संधी घेतली नाही. पंचविसाव्या दुरुस्तीनुसार निक्सन यांनी सुचवलेल्या जेराल्ड फोर्ड यांना सेनेटने ९२ विरुद्ध ३ आणि प्रतिनिधिगृहाने ३८७ विरुद्ध ३५ मतांनी संमती दिली, ६ डिसेंबरला फोर्ड यांचा शपथविधी झाला, आणि त्यानंतरच फेब्रुवारीत चौकशीचा तो ४१० मतांचा ठराव आला.